पाचवा शब्द

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

पेन धरता येतोय, म्हणून वही काढली. आठ वर्षांत सही करतानासुद्धा बोटं वळत नव्हती.

काल संध्याकाळी अणदूरच्या पुढं हायवेला मांडव घातला होता. बाहेरून आलेल्या प्रचारकांची उज्जीवन सभा. त्यांनी आजाऱ्यांना पुढं बोलावलं आणि ह्यांनी मला दंडाला धरून नेलं. प्रचारकांनी डोक्यावर हात ठेवला, मोठ्यानं प्रार्थना केली आणि म्हणाले, "बहिणी, मूठ वळ." मी वळली. नखं तळव्याला टेकली. मग त्यांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या. मी वाजवल्या आणि सगळा मांडव रडायला लागला. मीही.

आमवात आहे मला. सकाळी अंग लाकडासारखं होतं, पेरं सुजतात, मनगटं गरम लागतात. गेल्याच आठवड्यात सोलापूरला गेलो होतो तर डॉक्टरांनी कमरेत एक सुई दिली आणि गोळ्या चालूच ठेवा म्हणाले. त्याच त्या गोळ्या. रोजची पांढरी आणि रविवारची पिवळी, जिच्यामुळं सोमवार सगळा मळमळीत जातो. आठ वर्षं औषधानं जे झालं नाही ते काल एका प्रार्थनेत झालं.

प्रचारक माझ्या कानाशी म्हणाले, "प्रभूनं बरं केलं म्हणतेस, मग आता गोळ्या कुणासाठी?"

येताना हे गाडीवर गुणगुणत होते. ह्यांचं विहिरीवरच्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे, दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि घरी आलं की माझं करायचं. ह्यांना गाताना ऐकलेलं मी विसरूनच गेले होते.

सासूबाईंना सांगितलं. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे बघितले आणि विचारलं, "डाक्टरला इचारलं का?"

त्यांचा विश्वास तसा कमीच.


९ फेब्रुवारी, रविवार

आज आपल्या मुरुमच्या चर्चमध्ये साक्ष दिली, प्रभूनं कसं बरं केलं ते सगळ्यांपुढं सांगितलं. गेल्या रविवारी पिवळी गोळी घेतली नव्हती, आजही नाही. सगळी पाकिटं सकाळी कचऱ्याच्या डब्यात टाकून मगच उपासनेला गेले. तसं सांगितलंही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेब मात्र खाली बघत होते, त्यांना बहुतेक उपासनेच्या शेवटच्या घोषणा आठवायच्या होत्या.

ह्यांनी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत उमरग्याहून, नळदुर्गहून फोन.

आत्यांनी आज कचऱ्याचा डबा स्वतः घासला. त्यांना कधी काय सुचेल सांगता येत नाही.


१५ फेब्रुवारी, शनिवार

लग्नसराई. मशीनवर बसले तर उठावंसं वाटत नाही. आधी ब्लाउज कसाबसा शिवायचे आणि हुक लावायला दुसरीकडं द्यायचे. आता हुकसुद्धा मीच लावते.

भुवनेश्वरी ब्लाउज न्यायला आली होती. धुळाप्पा काकांची सून. म्हणाली, "अक्का, मामा तुमचा व्हिडिओ रोज बघत्यात. माझ्या मोबाईलची बॅटरी त्यातच जाती." आणि हसली. धुळाप्पा काका म्हणजे आमच्या चर्चचं दार उघडणारे, सतरंज्या अंथरणारे, घंटा वाजवणारे. त्यांना साखर आहे. सकाळ-संध्याकाळ पोटात सुई घ्यावी लागते, आणि ती भुवनेश्वरीच देते.


२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी डावं मनगट धरलं होतं. थोडंसंच. काल खूप शिवणकाम झालं असणार.


२ मार्च, रविवार

दोन्ही मनगटं. आणि उजव्या पायाचा चवडा.

प्रचारकांना फोन लावला. ते प्रवासात होते. त्यांच्या माणसानं सांगितलं, सैतान लक्षणं दाखवतो, तुम्ही ती स्वीकारू नका. तोंडातून आजाराचं नाव काढू नका. जे बोलाल ते होईल.

म्हणून नाव काढलं नाही. उपासनेत "कसं आहे ताई?" असं सगळ्यांनी विचारलं. छान आहे म्हणाले.


५ मार्च, बुधवार

आजपासून लेंट, ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस. राखेच्या बुधवारची उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी उत्तम शुक्रवारचे, म्हणजे गुड फ्रायडेचे, सात शब्द वाटून दिले. प्रभू वधस्तंभावर सात वेळा बोलला, त्यातल्या एकेका शब्दावर एकेकानं बोलायचं. इतकी वर्षं मला कुणी विचारलं नव्हतं. या वर्षी लोकांनीच माझं नाव सुचवलं. माझ्याकडं पाचवा शब्द आला. तहानेचा. मला खरं तर क्षमेचा हवा होता, त्यावर बोलणं सोपं असतं.

घरी आले तर मागोमाग धुळाप्पा काका. आत्यांनी सगळ्यांना चहा दिला. काका बराच वेळ कपाकडं बघत बसले, मग म्हणाले,

"सुवार्ता, खरं सांग पोरी. गोळ्या सगळ्या सोडल्यास व्हय?"

"हो काका."

"आन् दुखत न्हाय? अजिबात?"

हे शेजारीच बसले होते. माझ्याकडं बघून हसत होते.

"नाही काका," मी म्हणाले.

काकांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. बहुतेक स्तुती केली असेल. जाताना आत्यांना हात जोडले.

खोटं बोलले का मी? प्रचारकांचा माणूस म्हणतो ते खोटं नसतं, तो विश्वास असतो.


१२ मार्च, बुधवार

ताप. गुडघेसुद्धा सुजले. उठताना भिंत धरावी लागते, म्हणून हे दुकानात गेले की मगच उठते. शिवणाचे कपडे मशीनखाली कोंबून ठेवलेत. बायका येतात, मी म्हणते प्रार्थनेत वेळ जातो. त्या म्हणतात, बरोबर आहे ताई.

आत्या काही विचारत नाहीत. सकाळी मिठाचं गरम पाणी घमेल्यात आणून माझ्या पायांपुढं ठेवतात आणि जातात. माझी वेणी घालतात. पाण्याचा पेला माझ्या तोंडाला लावतात आणि दुसरीकडं बघतात. मला लाज वाटते. एवढ्या वयाच्या बाईनं माझं करायचं, आणि तेही मी बरी झाल्यावर.

हे उमरग्याच्या सभेत माझी साक्ष ठरवून आलेत. मी म्हणाले, ईस्टरनंतर बघू. ह्यांचा चेहरा पडला, पण लगेच म्हणाले, "बरं, तुझ्या मनानं." आणि परत गुणगुणायला लागले. त्या गाण्याची मला आता भीती वाटते.


१६ मार्च, रविवार

प्रार्थना करते तर शब्दच सापडत नाहीत. आधी दुखायचं तेव्हा देवाला शिव्यासुद्धा देता यायच्या. दुखतंय रे बाबा, एवढं म्हणता यायचं. आता तेही म्हणता येत नाही, कारण माझं दुखतच नाही ना.


२३ मार्च, रविवार

चर्चला गेलो तर सतरंज्या अंथरलेल्या नव्हत्या. घंटाही झाली नाही. काका आले नव्हते. कुणीतरी म्हणालं पायाला लागलंय. दुसरं कुणीतरी म्हणालं, सुई बंद केलीय त्यांनी, सुवार्ताताईंसारखा विश्वास धरलाय. बायकांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं.

काकांच्या घरी जायला हवं होतं. दोन गल्ल्या तर आहेत. गेले नाही. ह्यांना सांगितलं डोकं दुखतंय, आणि ह्यांनी चमकून बघितलं तसं मीच म्हणाले, उन्हानं.


२७ मार्च, गुरुवार

दुपारी भुवनेश्वरी दारात आली. आत आली नाही. चप्पलसुद्धा काढली नाही.

"मामांचा पाय काळा पडलाय, अक्का. घोट्यापर्यंत. शुद्ध गेलती सकाळी. गाडी बोलावलीय, सोलापूरला नेतोय."

मी उठायला गेले आणि उठताच येईना. खुर्चीचा हात धरून अर्धवट उभी राहिले तशीच. तिनं ते बघितलं. माझ्या बोटांकडं बघितलं, गुडघ्यांकडं बघितलं. काही वेळ तिला कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्हाला दुखतंय," ती म्हणाली.

मी दुसरा हात पदराखाली घेतला.

"म्या त्यांच्या पाया पडले व्हते, सुई घ्या म्हणून. तर म्हणले, सुवार्तानं सोडल्या, तिला काय झालं का?"

गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली. आत्या माझ्यामागं उभ्या होत्या, त्यांनी मला खाली बसवलं.


३० मार्च, रविवार

आज पाडवा. गल्लीतल्या घरांवर गुढ्या दिसतात खिडकीतून. उपासनेला गेले नाही, आणि कारणही सांगितलं नाही.

काकांचा पाय गुडघ्याखालून कापला. ह्यांना फोन आला होता. हे मला सांगताना म्हणाले, "देवाची इच्छा." मी म्हणाले, "नाही." ह्यांना वाटलं मी दुःखानं बोलतेय.


३ एप्रिल, गुरुवार

आत्यांना म्हणाले, मला सोलापूरला जायचंय. त्या काही न विचारता ज्वारीच्या डब्याजवळ गेल्या, दाण्यांत हात घातला आणि गोळ्यांची पाकिटं काढली. पुसून माझ्यापुढं ठेवली.

"तुम्ही कधी..."

"टाकलीस त्याच दिशी. बरी ऱ्हायली असतीस तर टाकली असती म्या मागनं."

आम्ही दोघीच एसटीनं गेलो. सगळ्या वाटेत अणदूरला गाडी थांबली तेवढाच वेळ मी डोळे मिटले. मांडव आता नाही तिथं, पण बॅनर लावलाय, तो दिसला म्हणून मिटले, त्यावर टाळ्या वाजवतानाचा माझा फोटो आहे.

आधी माझे डॉक्टर. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाटलं. म्हणाले, "त्या सुईचा असर चार-सहा आठवडे राहतो. मी तेव्हाच सांगितलं होतं." मला आठवत नव्हतं. आत्यांना आठवत होतं. मग मांडवात काय झालं होतं? आत्या म्हणतात, सुई पण देवानंच दिली की. मला एवढं सोपं वाटत नाही. मी तेव्हा खरंच रडले होते आणि त्या रडण्यात कुणीतरी होतं, असं अजून वाटतं. तेही सुईचंच होतं का?

मग काकांच्या वॉर्डात. भुवनेश्वरी मला बघून उठली आणि बाहेर गेली. काका किती बारीक झालेत. चादरीखाली एका बाजूला उंचवटा आहे, दुसऱ्या बाजूला गुडघ्यापुढं चादर सपाट. तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तिकडंच बघत राहिले.

"काका, मी खोटं बोलले तुमच्याशी. तुम्ही विचारलं तेव्हा दुखत होतं मला."

ते छताकडं बघत होते. "म्हाईत हाय."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. परत सांगितलं.

"म्हाईत हाय म्हणलं की. कप तू दोन्ही तळव्यांत धरला व्हतास. बोट लावलं न्हायस कपाच्या कानाला. म्या बघितलं."

"मग सुई का सोडली?"

आत्या त्यांच्या पायाशी, असलेल्या पायाशी, बसल्या होत्या.

"कटाळा आल्ता पोरी. लई वर्सं टोचून घेतलं. सुनंला रोज त्यासाठी उठाया लागायचं, माहेराला जाता येत न्हवतं तिला. मला कुणीतरी व्हय म्हणाया पायजे व्हतं. तू म्हणलीस."

"चूक माझी आहे काका."

"हाय तुझी," ते म्हणाले. "माझी बी हाय. आता गप बस जरा."

त्यांनी डोळे मिटले. जाताना विचारलं, आता सुई घेताय ना? म्हणाले, "सून देती. बोलत न्हाय, पर देती."


६ एप्रिल, रविवार

पिवळी गोळी घेतली. ह्यांच्यासमोर. हे जेवत होते.

सगळं सांगितलं. सव्वीस फेब्रुवारीपासून. ह्यांनी ताट बाजूला सारलं नाही, उठलेही नाहीत. नुसते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मला तरी सांगायचं होतंस."

"तुम्ही गात होता," मी म्हणाले.

हे हात धुवायला गेले आणि तिथंच नळाजवळ किती तरी वेळ उभे राहिले. नळ चालू होता.


७ एप्रिल, सोमवार

मळमळ. दिवसभर पडून. हे बोलत नाहीत.


१४ एप्रिल, सोमवार

जयंतीचे स्पीकर सकाळपासून. त्यात बसून पाचव्या शब्दावर लिहायचा प्रयत्न केला. चार ओळी लिहिल्या की बोटं आखडतात.

पाळकसाहेब आले होते. त्यांना सांगितलं, माझा शब्द दुसऱ्या कुणाला द्या, आणि का ते सांगितलं. त्यांनी ऐकलं. म्हणाले, "साक्षीच्या दिवशी तुमच्या गोळ्यांचं ऐकलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. लोक इतके आनंदात होते, धीर झाला नाही."

मग म्हणाले, "शब्द तुमच्याकडंच राहू द्या."


१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

झालं. लिहून ठेवते, उद्या आठवणार नाही नीट.

उन्हानं पत्रे तडकत होते. चर्च भरलं होतं, दाराबाहेर चपलांवर चपला. चौथा शब्द संपला आणि मी आत्यांच्या खांद्याला धरून पुढं गेले. तसं जातानाच कुजबुज सुरू झाली. लिहून नेलेल्या कागदाची घडी उघडेना, बोटं चालेनात. शेवटी तो तसाच ठेवला आणि तोंडीच बोलले.

म्हणाले, प्रभूला तहान लागली आणि त्याचे हात खिळलेले होते. एवढ्या लोकांना ज्यानं खाऊपिऊ घातलं, त्याला घोटभर मागावं लागलं, तेही जे हसत होते त्यांच्याकडं. त्यानं तहान लपवली नाही. मी लपवली. मी बरी झालेले नाही. दीड महिना तुमच्याशी, घरच्यांशी आणि देवाशी खोटं बोलत आले. धुळाप्पा काकांनी मला दुखतंय का विचारलं होतं आणि मी त्यांना नाही म्हणाले. त्यांचा पाय त्यात गेला. मी गोळ्या परत सुरू केल्यात. कुणी माझं ऐकून औषध सोडलं असेल तर आज घरी जाऊन घ्या.

एक बाई उठून बाहेर गेली. तिच्यामागं आणखी दोघी.

मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते बोलले. म्हणाले, सकाळी मला तहान लागते तेव्हा पेला उचलता येत नाही. माझी सासू पाजते. मला त्याची लाज वाटायची. मांडवात देव माझ्याजवळ आला होता की नाही, ते मला आता सांगता येत नाही. पण पाणी पितानाचं सांगता येतं. तिथं आम्ही दोघीच नसतो.

एवढं बोलून खाली बसले. सहाव्या शब्दाचे गृहस्थ उभे राहिले पण त्यांना सुरुवातच करता येईना. आत्या पदरानं तोंड झाकून बसल्या होत्या. त्यांना मी विचारलं नव्हतं, त्यांचं असं चारचौघांत बोलू का म्हणून. विचारायला हवं होतं.

उपासनेनंतर कुणी माझ्याशी बोललं नाही. हे गाडी दारापर्यंत घेऊन आले आणि मी नीट बसेपर्यंत थांबले.


२० एप्रिल, ईस्टर

पहाटेच्या उपासनेला उठता आलं नाही. पडल्या पडल्या घंटा ऐकली. ठेका चुकत होता. नंतर कळलं, हे वाजवत होते.

ग्रुपवरून मला काढलंय. प्रचारकांच्या माणसाचा मेसेज होता, ज्यांनी विश्वास सोडला त्यांच्यासाठी प्रार्थना करा, नाव घेतलं नव्हतं. मला वाटलं होतं खरं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटत नाही. हात दुखतात, गल्लीतून जायला नको वाटतं आणि काकांचा पाय काही परत येत नाही. फक्त आज सकाळी "दुखतंय रे बाबा" एवढं म्हणता आलं. परत परत तेवढंच म्हणत होते. आत्यांना वाटलं मी त्यांनाच हाक मारतेय, त्या आल्या.


२८ एप्रिल, सोमवार

काकांना घरी आणलंय, असं हे म्हणाले. हे स्वतः जाऊन त्यांच्या संडासात धरायला पाइप बसवून आले. मला चल म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.


४ मे, रविवार

आज ऊन भयंकर. बारा वाजता दारात भुवनेश्वरी. परत आत आली नाही.

"मामा जेवत न्हाईत," ती म्हणाली. "दोन दिस झाले. सुई दिल्यावर जेवलं न्हाय तर साखर एकदम खाली जाती, डाक्टरनं बजावलंय. माझं ऐकत न्हाईत, लेकाचं ऐकत न्हाईत. तुम्ही या."

मी म्हणाले, माझं कशाला ऐकतील?

"मला काय ठाऊक. तुमचंच ऐकून बसले ना सगळं." मग थोडं थांबून म्हणाली, "एक सांगते अक्का. म्या काय तुमाला माफ बिफ केलेलं न्हाय. चर्चमध्ये बोललात ते बरं केलंत, पर मला त्याचं काय करायचंय? तुम्ही या आन् मामांना जेवाया लावा."

दोन गल्ल्या जायला वेळ लागला. ती पुढं चालत होती, मागं वळून बघत नव्हती, पण कोपऱ्यावर थांबत होती.

काका भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मी समोर बसले. बसायलाच इतका त्रास झाला की तोंडातून आवाज निघाला. काकांनी मान वळवली.

"लई दुखतंय का?"

"हो काका. लई."

"मलाबी," ते म्हणाले. "नसलेला पाय दुखतो. डाक्टर म्हणतो तसं व्हतंय."

"कुठं दुखतो?"

त्यांनी चादरीवर, जिथं काही नाही तिथं, बोट ठेवून दाखवलं. मी तिथं बघत राहिले. प्रार्थना करू का, असं विचारायचा धीर झाला नाही. काकाच म्हणाले, "जेवायच्या आधी म्हणतो ते म्हण. बाकी काय नको." मी तेवढं म्हणाले. अन्नाबद्दल आभार, आणि पुढं मीच जोडलं, सुईबद्दल, गोळीबद्दल. काका आमेन म्हणाले, जरा उशिरानं.

भुवनेश्वरीनं दोन ताटं आणली आणि आमच्यापुढं ठेवली. स्वतः बसली नाही, चुलीकडं तोंड करून उभी राहिली. मी तिला ये म्हणाले, तिनं उत्तर दिलं नाही.

काकांनी पहिला घास घेतला, मग मीही घेतला. काकांच्या ताटात भाकरी अख्खी होती. माझी तिनं बारीक कुस्करून आमटीत भिजवून आणली होती आणि त्यात चमचा ठेवला होता.